चिमणाकाकीची फुगडी

कळंब्याच्या चिमणाकाकीचं नाव ज्यानं ठेवलं, त्याला एकदा गाठलं पाहिजे. चिमणी म्हणे! दारातून आत येताना ही बाई जरा आडवी होऊन येते, आणि रस्त्याच्या या टोकाला शिंकली तर त्या टोकाच्या रिक्षावाल्याचा चहा सांडतो. वय बासष्ट. गोठ्यात पाच म्हशी आणि सगळ्या गल्लीला तिच्याच दुधाचा रतीब. नवरा गणपतराव अंगानं तिच्या निम्मा. घरात बोलायचं काम त्यांना कधी पडलंच नाही.

आपल्या अंगाचा काकीला भारी अभिमान. "आईनं दूधतूप घालून वाढीवलंय मला, हवा भरून न्हाय," असं ती ठणकावून सांगायची. आणि दुसऱ्याच्या अंगावर बोलायलाही तिची जीभ तेवढीच मोकळी. तशी आपल्याकडं रीतच आहे म्हणा. पावणं दारात आलं की पाणी द्यायच्या आधी "लईच वाळलाय की हो!" नाहीतर "काय गं, किती सुटलीस!" हे झालंच पाहिजे. तसं कुणी बोललं नाही तर माणसाला वाटतं, यांचं आपल्याकडं लक्षच नाही. गल्लीतल्या पोरींची खरी नावं काकीच्या तोंडी नव्हतीच. एक काडी, एक बुटकी, एक फेंगडी. पोरी हसायच्या, म्हणून काकीला वाटायचं, सगळं झकास चाललंय.

आषाढ लागला की संध्याकाळी तिच्या गोठ्यापुढच्या अंगणात पोरी जमायच्या. धारा उरकल्या की काकी त्यांना झिम्मा-फुगडी शिकवायची. नागपंचमीला गल्लीत बायकांचा मोठा खेळ असतो, त्याची ही तयारी. गंमत अशी, की शिकवणारी स्वतः मात्र कट्ट्यावर बसून नुसती ओरडायची. तिची जोडी थोरल्या जावेबरोबर होती. जाऊबाईंच्या गुडघ्याच्या वाट्या बदलल्या आणि ती जोडी मोडली. दुसऱ्या कुणी काकीचे हात धरले, की दुसऱ्या फेरीला ती बाई सुटून थेट वैरणीच्या ढिगात. एकदोघी गेल्यावर पुन्हा कोण कशाला हात धरतंय?

यंदा क्रांती आली. तेरा वर्षांची पोर. वडलांची बदली झाली म्हणून घरच्यांबरोबर गगनबावड्याहून कळंब्याला आलेली. उंच, अंगानं भरलेली, गोल चेहऱ्याची. पण चालायची कशी? खांदे आत ओढून, दप्तर पोटाशी धरून, जसा काही चोरीचाच माल लपवून निघालीय. तिच्या वर्गातली शेजारची नाजिया, म्हणजे काकीची 'काडी', तिला ओढत घेऊन आली. दोघींनी हात धरले, पाय जुळवले, पण क्रांती अंग मागं टाकेना. कोपर वाकवलेले, पोट आत घेतलेलं, श्वास कोंडलेला. फुगडीत हे चालत नाही. दोघींनी आपापला भार मागं झोकायचा आणि एकमेकींनी तो पेलायचा, तेव्हा फुगडी फिरते. एकीनं अंग चोरलं की दोघी आपटतात. तशा त्या आपटल्या.

कट्ट्यावरून काकी गरजली, "अगं, म्हशीगत देखणं अंग हाय तुझं! चोरालाईस कशाला? म्हशीगत झोकात उभी ऱ्हा की!"

आता काकीच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघूच शकत नाही. तिच्या लेखी दुनियेत म्हशीइतकं देखणं काही नाही. सून पसंत केली तेव्हाही ती हेच बोलली होती आणि ठरलेलं लग्न मोडता मोडता राहिलं होतं. पण अंगणातल्या पोरी फिसकन हसल्या. क्रांतीनं दप्तर उचललं आणि मान खाली घालून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही.

"ती नवी पोरगी कुठं हाय गं?" काकीनं नाजियाला विचारलं.

नाजिया म्हणाली, "काकी, रागवू नका. शाळंत ती वर्गात शिरली की मागच्या बाकावरची पोरं म्हशीगत हंबरत्यात. रोज. डबासुदिक खाईना झालीय ती. हितं पण याय तयार नव्हती. मीच म्हटलो, काकीकडं चल, तिथं कोण काय म्हणत न्हाय."

काकीच्या हातातली किटली हातातच राहिली. जन्मभर म्हशींच्या लाथा खाल्ल्या, पण इतकं वर्मी कधी लागलं नव्हतं. तिला रडूच कोसळलं. गणपतराव घाबरून म्हणाले, "अगं, पोरींचं काय एवढं? इसरंल ती."

"तुमी गप बसा!" काकी त्यांच्यावरच उसळली. "पोर उपाशी ऱ्हायलीय, आणि वरनं माझ्या तोंडाचा पट्टा बसलाय तिला!"

तशीच पदरानं डोळे पुसत ती क्रांतीच्या घरी गेली. आईनं चहा टाकला आणि बोलायला सुरुवातही केली, "बघा की काकी, तुमीच सांगा आता हिला, जरा कमी..."

"थांब बाई. मी सांगाय न्हाय, चुकलं म्हणाय आलोय."

आतल्या दारात क्रांती उभी होती. तिच्यापुढं काकीनं स्वतःचे दोन्ही कान धरले. "क्रांती, चुकलं माझं. मी तसं बोलाय नको हुतं. आता माझ्या तोंडून तुला तुझ्या नावानंच हाक यील. आणि त्या हंबरणाऱ्यांचं मी बघतो."

एवढी थोरली बाई आपल्यापुढं कान धरून उभी, हे बघून क्रांतीला काय करावं कळेना. ती हळूच म्हणाली, "पण मला फुगडी येत न्हाय, काकी. मी लई जड हाय."

"अगं, मग तर तूच पायजेस!" काकी अशी ओरडली की चहाचा कप हिंदकळला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला जोडीदारीण न्हाय, पोरी. जाऊबाय बसल्यापास्नं मी नुसता दुसऱ्यांचा खेळ बघतोय. जीव तुटतोय माझा, पण मला पेलंल असं कोणच न्हाय. तुझी कीव करून सांगत न्हाय हां, माझ्या गरजंनं सांगतोय. बघ, येतीस काय."

पोरांना कीव लगेच ओळखू येते, तशी गरजही येते. दुसऱ्या दिवशी क्रांती अंगणात हजर.

पहिल्या खेपेला तिनं पुन्हा कोपर वाकवले. काकी जागीच थांबली. "हे बघ, तू अंग चोरलंस तर मी पडणार. या वयात माझा खुबा मोडला तर पाची म्हशींच्या धारा तुला काढाय लागतील. पोट सोड. श्वास घे. समदा भार मागं टाक, माझ्यावर सोड."

क्रांतीनं डोळे मिटले आणि सगळं अंग मागं टाकलं. हात ताठ झाले, खांदे उघडले, मान वर गेली. आणि फिरली की हो फुगडी! काकीचा पदर सुटला, क्रांतीची वेणी उडाली, पोरी टाळ्या पिटून ओरडायला लागल्या, गणपतराव वैरण टाकायची सोडून बघत राहिले. काकीच्या तोंडून एक किंकाळी निघाली, ती थेट दहा वर्षांच्या पोरीची. थांबल्या तेव्हा वैरणीच्या ढिगात कुणीच गेलं नव्हतं. दोघी एकमेकींना धरून, धापा टाकत, डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसत होत्या. त्या संध्याकाळी क्रांतीनं काकीच्या चुलीपुढं बसून दही-भाकरी खाल्ली आणि वर आणखी मागून घेतली.

काकी शाळेतही जाऊन आली. तिथं ती काय बोलली ते कुणी सांगत नाही, पण हंबरणं थांबलं. पोरींच्या नावांची मात्र तिला फार तारांबळ व्हायची. "ए का..." एवढं तोंडातून निघालं की स्वतःच्याच गालावर चापट मारून "नाजिया!" म्हणायची.

पंचमीला गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका नटून अंगणात आल्या. क्रांतीची आत्ती गगनबावड्याहून आली होती. क्रांती नऊवारी नेसून पुढं आली, तशी आत्तीनं सगळ्यांच्या देखत तोंडावर हात ठेवला. "अगं बया! किती जाड झालीस गं क्रांते!"

काकीच्या जिभेवर असं काही आलं होतं, की आत्तीनं तिथूनच परतीची एस्टी धरली असती. पण तिनं आधी पोरीकडं पाहिलं. खांदे आत जातायत का? हात पोटावर येतोय का? काकीचाच श्वास कोंडला.

क्रांतीनं पदर कमरेला खोचला.

"व्हय की आत्ती," ती खणखणीत म्हणाली, "चिमणाकाकीला पेलायचं म्हंजे काय सोपं हाय व्हय?"

सगळं अंगण खदखदून हसलं, आत्तीसुद्धा. क्रांतीनं दोन्ही हात पुढं केले. काकीनं डोळे पुसले, ते हात घट्ट धरले आणि पाय जुळवले.