हिरव्या बांगड्यांचं माप

देवीशी मी वर्षभर अबोला धरला होता. पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं, तेव्हापासून देव्हाऱ्यातला दिवा सासूबाई लावत आणि मी शाळेच्या वह्या तपासत बसे. दुसऱ्या खेपेला नववा लागला तरी हट्टानं हात जोडले नाहीत. मनातून मात्र पार घाबरले होते. पाय सुजले, तोंड गोल झालं. सासूबाई म्हणाल्या, तूप अंगी लागलं. मलाही ते खरं मानायला बरं वाटलं.

आमच्या सिंदीत सोनाबाई कासारीण यायची. तिचा फेरा पुढच्या आठवड्यात होता, पण हिंगणघाटची मोटार चुकली म्हणून ती आमच्या ओसरीवर टेकली. आलीच आहे तर हिरवा चुडा भरून घे, म्हणून सासूबाईंनी मला पुढ्यात बसवलं. बांगड्या भरताना सोनाबाईचं एकच पालुपद असे, "हात ढिला सोड, बाई." मी सोडला, तरी नेहमीच्या मापाच्या दोन बांगड्या वाढल्या. सासूबाईंना अपशकुन दिसला, सोनाबाईला मनगट दिसलं. तिनं अंगठ्यानं दाबलं, तर तिथे खळगा राहिला.

"डोकं दुखून राह्यलं का तुले?" तिनं विचारलं. चार दिवस दुखत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिनं पेटी बंद केली. "हे तुपाचं नाई. माह्या लेकीचे हात असेच झालते. आज चुडा नाई. आधी वर्ध्याले दवाखान्यात जाय."

दुपारच्या गाडीनं आमच्या ह्यांनी मला नेलं. रक्तदाब पाहून डॉक्टरीणबाईंनी लगेच मॅग्नेशियमची सुई भरायला सांगितली. जुलाबाचं मीठ असतं ना, तेच, पण शुद्ध केलेलं, असं त्यांनी म्हणताच हे चपापले. असल्या वेळी जुलाब? बाई हसल्या. पोटात घेतलं तर पोट साफ होतं, सुईनं दिलं तर त्याचं काम वेगळं, म्हणाल्या. या दुखण्यात रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्ताचा दाब चढतो, बाळाला रक्त कमी पोचतं, आईला झटके येऊ शकतात. मॅग्नेशियम त्या वाहिन्या सैल करतं आणि झटके टाळतं.

सुई टोचताना नर्स म्हणाली, "अंग ढिलं सोडा बाई, आवळू नका." सोनाबाईच बोलली असं वाटून मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही. वर्षभर मी सगळं मुठीत आवळून धरलं होतं. देवीला म्हटलं, आता तूच बघ. अंगभर ऊब पसरली. औषध जास्त तर होत नाही ना, म्हणून नर्स मधूनमधून गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघे, आणि पाय उडाला की माझ्यापेक्षा तीच खूश होई.

तिसऱ्या दिवशी मुलगी झाली. मूठभर होती, पण आवाज सगळ्या वॉर्डाला पुरेल एवढा.

बारशाला सोनाबाई आली. बांगड्या जुन्याच मापाच्या सरसर चढल्या. तिच्या लेकीचं काय झालं, ते मी तेव्हा विचारलं. बाळाच्या मुठीत बोट देऊन ती म्हणाली, "गेली बाई ते. तवापासून आधी मनगट, मंग बांगडी."

देवी कुणाच्या हातानं येते हे मी आता ठरवत नाही. त्या संध्याकाळी दिवा मी लावला. हात जोडले तशा नव्या बांगड्या किणकिणल्या, आणि आतून सासूबाई म्हणाल्या, "झाली वाटते दोघींची दिलजमाई."