मगदूम मॅडम आणि पडद्यावरची सावली

स्क्रीनवर काही विचित्र दिसलं की मुलं कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करायची. मगदूम मॅडमना नेमकं तेच खपायचं नाही. लॅबच्या दुसऱ्या टोकाकडून त्या ओरडायच्या, "हात लावू नगंस! बंद केलंस की गेलं की सगळं. आधी काय दिसतंय ते सांग. का दिसतंय ते मागनं बघू."

दोन हजार सालाच्या आसपास मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात शिकवायला लागलो, तेव्हा मॅडम आमच्या विभागप्रमुख होत्या. मूळच्या कुरुंदवाडच्या, घरी अर्धं कन्नड. स्वतःबद्दल आमच्याकडच्या बायकांसारखंच 'मी येतो, मी जातो' म्हणायच्या. लॅबमधल्या जुन्या मशिनींवर त्यांनी हट्टानं विंडोजऐवजी लिनक्स घातलं होतं आणि त्यावर रोज नवं काहीतरी दिसायचं.

एकदा एक चित्र उघडल्याबरोबर स्क्रीनवरच्या बाकीच्या खिडक्या जांभळ्या-हिरव्या झाल्या. मुलं म्हणाली, व्हायरस! मॅडमनी माउस दुसऱ्या खिडकीवर नेला. ती सुधारली आणि चित्र बिघडलं. "चित्र दाखवणाऱ्या कार्डाकडं रंग मोजकेच हाईत. एकीनं घेतले की दुसरीला उरत न्हाईत," म्हणाल्या आणि फळ्याकडं वळल्या. दुसऱ्या एका मशिनवर अक्षरं लाटांसारखी हलत होती. त्यांनी शेजारचा स्टॅबिलायझर लांब सरकवला. लाटा थांबल्या.

एका सकाळी त्या स्वतःच्या मशिनसमोर मान कधी डावीकडं, कधी उजवीकडं कलती करून बघत होत्या.

"दिलीप, हिकडं ये. ह्या खिडकीची कड वाकडी दिसत्या का रं?"

"नाही मॅडम. सरळ आहे."

"आणि कोपऱ्यात करडी सावली?"

"नाही."

त्या शेजारच्या मशिनवर जाऊन बसल्या. मग भिंतीकडं बघितलं. एक डोळा झाकला, मग दुसरा.

"मशिन चांगलं हाय. डोळा बिघडलाय."

मी म्हणालो, "चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"नंबर वाढला तर सगळंच पुसट दिसंल. ही सावली एका कडंनं आत यायल्या. मी आत्ताच जातो. गाडी तू चालव."

स्कूटरवरनं उतरून दवाखान्याच्या पायरीवर माझा दंड धरून म्हणाल्या, "डोळा गेला तर शिकवता यील का रं मला?" "येईल की," मी म्हणालो.

डोळ्याचा आतला पडदा सुटायला लागला होता. लगेच ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, लोक चष्मा पुसत बसतात आणि उशिरा येतात. या वेळेत आल्या. डोळ्यात वायू भरल्यामुळं त्यांना पालथं झोपवलं होतं. भेटायला गेलो तर उशीत तोंड खुपसूनच सांगायला लागल्या, "बुडबुडा दिसतोय बघ. कड काळी, मधनं उजेड. मान हलवली की डुलतोय."

डोळा वाचला. त्या डोळ्याला सरळ रेघ मात्र शेवटपर्यंत जरा वाकडीच दिसली. त्यानंतरही त्यांनी बरीच वर्षं शिकवलं.

निवृत्तीच्या दिवशी सभागृहात सगळे जमले, पण मॅडमच नाहीत. प्राचार्यांबरोबर शोधायला गेलो तर लॅबमध्ये तास घेत होत्या. प्राचार्यांकडं न बघताच म्हणाल्या, "थांबा की जरा. पोरांना अजून समजायचं हाय."

तास संपेपर्यंत आम्ही सगळे हार घेऊन दाराबाहेर उभे होतो.