डाव्या डोळ्याची रिंग

"मास्तर, काय केलंत हे!"

आबा इतक्या जोरात ओरडले की दुर्बीण माझ्या हातून सुटता सुटता राहिली. मी फक्त तिच्या डोळ्यांकडच्या दोन्ही रिंगा शून्यावर आणल्या होत्या. आमच्या धंद्यात दुर्बीण हातात आली की पहिलं काम हेच. त्यात ओरडण्यासारखं काय, मला कळेना.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. लढाईभर मी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये दुर्बिणी दुरुस्त केल्या आणि मग साताऱ्यात घड्याळं, चष्मे, दुर्बिणींचं छोटं दुकान टाकलं. डिस्पोजलचा, म्हणजे लष्करानं विकायला काढलेला माल मिळायचा. आबा कोरेगावकडचे ऊसवाले. रानडुकरं फडात शिरून ऊस आडवा करत होती. बंदुकीचं लायसन होतं, शिकारीसाठी दुर्बीण हवी होती.

आल्या आल्या त्यांनी कपाटातल्या सगळ्यात लांब दुर्बिणीवर बोट ठेवलं.

"ही द्या. बारा पट दावती न्हवं?"

"दाखवते. पण हातही बारा पट हलतो. डुक्कर कधी येतं?"

"दिस बुडताना."

"मग ही घ्या. सात पटच आहे, पण पुढची काच केवढी आहे बघा. उजेड जास्त घेते. कडुसं पडलं तरी उसात डुक्कर आहे का वैरणीला आलेली बाई, ते कळेल. बार काढण्याआधी तेवढं कळलं म्हणजे झालं."

"आन माल चांगला हाय हे कसं वळखायचं?"

मी त्यांना दाराशी नेलं. तारेचा खांब बघा म्हटलं. खांब एकच दिसला पाहिजे. दोन दिसले किंवा डोकं धरलं, तर दुर्बीण कुठंतरी आपटलेली, आतली तिकोनी काच सरकलेली. मग उजेडाकडे धरून पुढून आत बघायचं. काचेवर बुरशीचं जाळं असेल तर फुकट दिली तरी घेऊ नये. आबांनी दोन्ही करून पाहिलं. दुर्बीण पसंत पडली. मग त्यांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली दुसरी काढली.

"हिच्यावानीच हाय का, तेवढं बघा."

मी ती घेतली, बोलता बोलता रिंगा फिरवल्या, आणि आबा ओरडले.

आता ते स्टुलावर बसले होते.

"आमच्या सदूची हाय ती. थोरला माझा. इटलीत लढाईत गेला. त्येच्या कंपनीतल्या गड्यानं ट्रंक आणून दिली, तीत हुती. दोन वर्सं कुणाला हात लावू दिला न्हाई. मला हिच्यात धड दिसत न्हाई, तरी बी मी फिरवली न्हाई. पोरानं सोताच्या डोळ्याला लावल्याली. त्येचं एवढंच ऱ्हायलं हुतं बघा मास्तर, आन तुमी पुसून टाकलं."

ही रिंग म्हणजे काय, तर डोळ्याचा नंबर. मधे शून्य, एका बाजूला अधिक, एका बाजूला वजा. दोन्ही डोळ्यांना वेगवेगळी रिंग. ज्याची दुर्बीण, त्यानं स्वच्छ दिसेपर्यंत फिरवायची. सदूनं फिरवली होती, आणि मी सवयीनं ती मोडली होती. मेल्या, आधी विचारायला काय झालं होतं तुला!

कुठल्याही आकड्यावर ठेवून "घ्या, होती तश्शी" म्हणता आलं असतं. आबांना काय कळणार होतं? तसं मनात आलं, खोटं कशाला सांगू. पण त्यांच्या तोंडाकडे बघून जीभ रेटेना.

"आबा, आकडे मी पाहिलेच नाहीत. चूक माझी."

ते नुसते रिकाम्या फडक्याची घडी घालत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी घड्याळाचं भिंग डोळ्याला लावलं आणि रिंगेखालचे आटे बघत बसलो. आटे पितळेचे. ट्रंकेत दोन पावसाळे काढलेले, त्यामुळे पितळ कळकून हिरवं पडलं होतं. उजवीकडे सगळं एकसारखं हिरवं. म्हणजे उजवी मुळात शून्यावरच होती. डावीकडे मात्र हिरव्याच्या खाली एक बारीक चकचकीत पट्टी दिसली. तेवढा भाग दोन वर्षं आत झाकलेला होता, आणि माझ्या फिरवण्यानं बाहेर आला होता. मी रिंग हळूहळू उलटी फिरवली. पट्टी आत गेली, तिथं थांबलो. वजा दोन.

"आबा, सापडलं! हे बघा, हिरवं जिथं संपतं ना, तिथंच सदूनं ठेवली होती."

आबांनी भिंगातून स्वतः पाहिलं. पुन्हा पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "वजा दोन म्हंजी?"

"डाव्या डोळ्याला लांबचं अंधुक दिसायचं त्याला."

"काय बोलताय! पलटणीत घेतला की त्येला."

"उजवा उत्तम होता. लढाईच्या घाईत तेवढ्यावर भागलं असेल."

आबांनी भिंग खाली ठेवलं.

"मान वाकडी करून बघायचा," ते म्हणाले. "ल्हानपणापास्नं. माझ्याशी बोलताना बी. मला वाटायचं, मस्ती आली पोराला. दोनदा थोबाडात हाणलीय मी त्येच्या, सरळ बघ म्हनून." मग माझा हात धरला. "त्येला कसं दिसत हुतं, मला दावता येतंय का?"

दाखवता येत होतं. नवी दुर्बीण आधी आबांना स्वच्छ दिसेल अशी जुळवली आणि मग डावी रिंग मुद्दाम दोन आकडे चुकवली. मागच्या दारात उभं करून अजिंक्यताऱ्याकडे बघा म्हटलं. "आता उजवा डोळा मिटा."

आबांनी मिटला. किल्ल्याकडे बघत तसेच उभे राहिले.

"एवढं अंधुक व्हय रं, लेकरा," ते म्हणाले. "मला सांगायचं न्हाईस व्हय." आणि दुर्बीण डोळ्याला तशीच धरून घळाघळा रडले. मलाही आवरेना. मी पुढचं दार लोटून घेतलं.

नवी दुर्बीण त्यांनी नेली. सदूच्या रिंगांना मी लाखेचा ठिपका लावून दिला, पुन्हा कुणा शहाण्यानं फिरवू नये म्हणून.

तेव्हापासून गिऱ्हाईकानं दुर्बीण पुढं केली की मी आधी विचारतो, कुणाची आहे? मग दोन्ही आकडे लिहून घेतो आणि मगच हात लावतो. लोक वैतागतात. वैतागू देत.