मेजरसाहेबांची परतीची वाट

आम्ही रिटायर फौजी उंब्रजच्या स्टँडवर चहाला जमलो, की किस्से उसाच्या खोडव्यासारखे फुटतात. एक तोडला, की दुसरा तयार. त्यातले बहुतेक मेजरसाहेबांचे. वाईकडचे, अंगानं किडकिडीत, आमच्या कमांडो तुकडीचे कमांडर. मी त्यांचा वायरलेसवाला.

*

पॅराशूटच्या उडीला एक नवा जवान विमानाच्या दारातच अडला. साहेबांनी विचारलं, "भीती वाटते?"

"व्हय, सायेब."

"मलाही वाटते. मी पुढं घाबरतो, तू मागनं घाबरत ये!"

साहेबांनी उडी टाकली. मागोमाग तोही गेला.

*

कराडजवळच्या एका जत्रेत, कुस्त्यांच्या फडात, साहेबांना फेटा बांधून हातात माईक दिला. "कमांडोंविषयी दोन शब्द बोला."

"आमच्या कामात गप्प राहायला शिकवतात," म्हणाले आणि बसले.

टाळ्या थांबेनात. पुढाऱ्यांचे चेहरे मात्र उतरले, कारण पुढचं भाषण त्यांचं होतं.

*

सरावात हल्ल्यापेक्षा परतीची वाटच जास्त घोकून घ्यायचे. डोळे बांधून माघारी चालायला लावायचे. आम्ही जाम वैतागायचो. एकदा मी म्हणालोच, "सायेब, लढायचं कवा शिकवणार?"

"मारायला कुणीही जाईल रे. मला तुम्ही घरी पोचलेले पाहिजेत."

*

एकाहत्तरच्या लढाईत आमच्याच तुकडीतला, माझ्या गावचा शंकर गेला. आदल्या सुट्टीत साहेबांनी त्याच्या आईला शब्द दिला होता, "नेला तसा परत आणीन." माघारी येतानाच शंकरचा पाय सुरुंगावर पडला. साहेबांनी त्याला खांद्यावरून आणलं, पण जीव वाटेतच गेला होता.

पुढं कितीतरी दिवस साहेब त्या घरी जायला धजेनात. एकदा उंब्रजला उतरले आणि पुढच्या एसटीनं तसेच परत गेले. मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या खेपेला मीच त्यांना हाताला धरून नेलं.

म्हातारीनं गूळपाणी दिलं. मग धाकट्या मुलाला पुढं केलं. तो नुकताच भरतीत पास झाला होता.

"आवं सायेब, ह्याला तुमच्याच हाताखाली घ्या."

साहेबांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "मावशी, या खेपेला मी शब्द देणार नाही."

म्हातारी म्हणाली, "म्हणून तर पोरगं देतीया."