भाकरीवाचून न्याहारी

माझ्या मामेसासऱ्यांइतकं न्याहारीला गांभीर्यानं घेणारा माणूस तापीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडणार नाही. ब्राह्मणपुरीला त्यांची केळी आणि ऊस. सकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, तिच्यावर ठेचा-तेल आणि शेवटी दूध-गूळ, एवढं पोटात गेल्याशिवाय ते माणसाशी बोलत नसत. एकदा बँकेचे साहेब दारात आले, तर त्यांनाही ओट्यावर बसवून मामांनी आधी भाकर संपवली होती.

मग केळीच्या बागेत मामांच्या पायाच्या अंगठ्याला लागलं आणि जखम काही भरेना. शहाद्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर अशीच राहिली तर अंगठा काढावा लागेल म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. भाकर, पोहे, साबुदाणा, गूळ सगळं बंद. परतताना मामा गाडीत म्हणाले, "जवाई, अंगठा गया तं चाली जाई. पन सकायले खावानं काय?"

त्या प्रश्नाचा त्यांनी ऊस लावावा तसा नेटानं पाठपुरावा केला. मामींनी वाटीत भिजवलेले बदाम ठेवले, तर म्हणाले, "हाई न्याहारी शे का देवना निवद?" पनीर खाल्लं की त्यांना दवाखान्यात भरती झाल्यासारखं वाटे. अंडी खा, असं डॉक्टरांनीच सुचवलेलं, पण घर पूर्ण शाकाहारी. म्हणून नवापूरहून येणाऱ्या एका ओळखीच्याकडून अंडी मागवून मामा ती शेतातल्या मोटारीच्या खोलीत गुपचूप उकडू लागले. मामींना ते कळलंच. एके दिवशी त्या खोलीत एक नवी पातेली आणि मीठ-मिऱ्याची पुडी आलेली दिसली.

शेवटी वाट सापडली ती वांग्याच्या भरितात. कांद्याची पात, शेंगदाणे, भरपूर ठेचा आणि चमच्यानं नुसतं भरीत. मागून शेतावर जाऊन अंडी. दुपारपर्यंत भूक लागेना. मग मामांचा पथ्याचा प्रचार सुरू झाला. एका लग्नात त्यांनी वरण-बट्टीच्या पंगतीत बट्टी बाजूला सारून फक्त वांग्याची भाजी खाल्ली. मानपानात काही कमी पडलं, असं वाटून वधूपिता हात जोडून आला. मामा म्हणाले, "चूक तुमनी नही, मन्ही साखरनी शे. भाजी अजून वाढा."

सावकाश जखम भरत आली. डॉक्टर खूश झाले.

परवा मी मुक्कामाला होतो. सकाळी मामा भरीत खात होते आणि मामी कुठं दिसेनात. पाणी घ्यायला मी परसात गेलो, तर त्या चुलीमागं उभ्या राहून घाईघाईनं भाकर खात होत्या. मामांची पथ्यं सुरू झाल्यापासून त्या अशाच खात असाव्यात. माझ्या मागोमाग मामाही आले होते.

"आठे उभी ऱ्हाईसन काय भाकर खास? चाल, मन्हा समोर बठ."

"तुमले इच्छा व्हई," मामी खाली बघत म्हणाल्या.

"व्हवू दे. वास लिसनी काय साखर वाढस?"

मामी ताट घेऊन आत आल्या. मामांनी त्यांच्या ताटातली अर्धी भाकर उचलली, नाकाशी धरली, डोळे मिटून थोडा वेळ तशीच ठेवली. मग ती परत मामींच्या ताटात ठेवून त्यांनी भरिताची वाटी ओढली.

त्या सकाळी दोघं बराच वेळ न्याहारी करत बसले होते.