अण्णांचा वाढदिवस आणि माझं शुद्ध इंग्रजी

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण हे सांगताना मला आता हसू येत नाही आणि रडूही येत नाही. नुसता दम लागतो. एका धडधाकट माणसाला मी मारलं हो! तेही चार ओळींच्या शुद्ध इंग्रजीनं.

एकतीस वर्षं मी आमच्या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, सुटलो. लाल पेन कपाटात टाकलं. तेवढ्यात मुलीनं, रेणुकानं, हातात मोबाइल दिला, पंचक्रोशीच्या ग्रुपवर मला घातलं, आणि माझे सगळे जुने विद्यार्थी पुन्हा पुढ्यात येऊन बसले! कुणी ट्रॅक्टर विकतोय, कुणी पिठाची गिरणी उघडतोय, कुणी बायकोला शुभेच्छा देतोय. सगळं इंग्रजीत. आणि सगळं चुकीचं. यांना शिकवलं कुणी? मीच! गप्प कसं बसणार, सांगा बरं?

पोस्ट दिसली की मी खाली दुरुस्ती लिहायचो. कुणी ऐकलं असेल तर शपथ. गिरणीवाल्यानं तर चक्क उत्तर दिलं, "सर, दळन यायलंय ना? मंग झालं!"

बायको म्हणायची, "अवो, सारं जग काय तुमची वही हाय का? दळू द्या की त्याला."

पण खोड ती खोड. मागच्या वर्षी आमच्या रेणुकाची सोयरीक जमत आली होती. मुलाच्या वडलांनी बायोडाटा पाठवला, इंग्रजीत. मी कपाटातलं लाल पेन काढलं, सगळ्या चुकांना गोल केले, खाली 'पुन्हा लिहा' असा शेरा मारला आणि परत पाठवला. त्यांनी पुन्हा लिहिला नाही. सोयरीक मोडली. रेणुका आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं नाही.

यंदा देवानं दुसरं स्थळ दिलं. नांदूरघाटचे भीमराव अण्णा, माजी सरपंच, दिलदार माणूस. त्यांचा मुलगा बीडला इंजिनिअर. पोरांनी एकमेकांना पसंत केलं होतं, रेणुका घरात गुणगुणायला लागली होती. रविवारी सुपारी फोडायचं ठरलं. रेणुकानं मला समोर बसवलं.

"आप्पा, रविवारपर्यंत कुनाच्या इंग्रजीला हात लावायचा न्हाई. मपली शपथ हाय."

"न्हाई लावत," मी म्हणालो. आणि खरंच लावायचा नव्हता हो!

आता मध्येच एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे कुणी वारलं की घरचे पहिला फोन मला करतात. "सर, ग्रुपवर टाका." का, तर माझं लिहिणं नीटनेटकं असतं. मी मयताचा फोटो घेतो, त्याला झेंडूच्या फुलांची चौकट लावतो, खाली दोन ओळी लिहितो. सहा वर्षं हे काम माझ्याकडे आहे. लोक ओळी वाचत नाहीत. फोटो बघतात, हात जोडतात, श्रद्धांजली टाकतात आणि आंघोळीला जातात. हे मला माहीत होतं. माहीत असूनही डोक्यात आलं नाही, हेच तर दुःख!

तर, सुपारीच्या आधीच्या गुरुवारी अण्णांचा वाढदिवस. सकाळी सकाळी त्यांचे धाकटे भाऊ विलासराव यांनी ग्रुपवर बॅनर टाकला. पांढरा सदरा, केशरी फेटा, हात जोडलेले अण्णा. आणि डोक्यावर ढोबळ अक्षरांत इंग्रजी शुभेच्छा. काय ते इंग्रजी! एका ओळीत चार चुका. माझ्या होणाऱ्या व्याह्याच्या डोक्यावर! माझा चहा गार झाला.

शपथ आठवली. दुरुस्ती करायची नाही. पण शुभेच्छा द्यायला तर कुणाची हरकत नाही ना? म्हटलं, आपण चूक दाखवायचीच नाही, गुपचूप चांगला नमुना समोर ठेवायचा. मी तोच फोटो घेतला. वरचं चुकीचं इंग्रजी कापून टाकलं. उरले नुसते हात जोडलेले अण्णा. जरा उघडंबोडकं दिसत होतं, म्हणून फुलांची चौकट लावली. माझ्या मोबाइलात एकच चौकट आहे. खाली चार ओळी लिहिल्या, दीर्घायुष्य चिंतणाऱ्या. एकतीस वर्षांत एवढं सुंदर इंग्रजी हातून उतरलं नव्हतं.

टाकलं आणि मळ्यात गेलो. भेंडी तोडली, दोन वाफ्यांना पाणी दिलं, दोन तासांनी परत आलो. मोबाइल बघतो तर ग्रुपवर शंभरावर उत्तरं! ऊर भरून आला. म्हटलं, अखेर कदर झाली. एकतीस वर्षांनी का होईना, शुद्ध भाषेची कदर झाली!

उघडलं. भावपूर्ण श्रद्धांजली. भावपूर्ण श्रद्धांजली. देव आत्म्यास शांती देवो. पंचक्रोशी पोरकी झाली.

तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी कळलं असेल. कसलं कळतंय! मला वाटलं, अण्णा खरंच गेले. मी मळ्यात भेंडी तोडत असताना गेले! शंभर माणसं एकदम चुकीचं कशी सांगतील? मी अण्णांना फोन लावला, बंद. विलासरावांना लावला, मुलाला लावला, तेही बंद. म्हटलं, घरात एवढं झालंय, फोन कोण चालू ठेवील?

पाटोद्याहून थोरल्या बहिणीचा फोन आला, "आरं, तुपले याही गेले म्हनं! कशानं रं?"

मी म्हणालो, "अक्का, झटकाच असंल."

झालं. ही झटक्याची बातमी पाटोद्याहून फिरून दहा मिनिटांत ग्रुपवर आली. मग मी माझं कर्तव्य केलं. डोळे पुसत, मराठीत, व्यवस्थित: भीमराव अण्णांचे हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने दुःखद निधन. आता तर शिक्कामोर्तबच!

रेणुका भिंतीला टेकून रडत होती. सुपारी तर गेलीच, वर लोक मुलीच्या पायगुणावर बोलणार. ते तिला ठाऊक होतं, मलाही. "तुझी काय चूक गं त्यात?" एवढंच मी म्हणू शकलो.

गावातली जीप केली. मी, बायको, दहा-बारा शेजारी, सगळे पांढऱ्या कपड्यांत नांदूरघाटला. अण्णांच्या घराला कुलूप आणि बाहेर ही गर्दी! बाया ओसरीवर, बाप्ये लिंबाखाली. होणारा व्याही म्हणून मला सगळ्यात पुढं बसवलं.

"मयत कुठं हाय?" मी हळूच विचारलं.

शेजारचा एक जण म्हणाला, "बीडच्या दवाखान्यात नेलतं म्हनं. येतीलच घेऊन."

"कुनी सांगितलं?"

"सारेच म्हनायलेत की."

अर्ध्या तासानं लांबून गाडी दिसली. कुणीतरी ओरडलं, "आले, आले!" आणि बायांनी हंबरडा फोडला. आमच्या बायकोचा आवाज सगळ्यात वर. गाडी थांबली. पुढचं दार उघडलं. आणि गळ्यात जास्वंदीचा हार, कपाळाला शेंदूर, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन भीमराव अण्णा स्वतः खाली उतरले!

सगळं घरदार लिंबागणेशला गणपतीच्या अभिषेकाला गेलं होतं. देवाला निघालं की आरती होईपर्यंत कुणीच फोन चालू ठेवायचा नाही, असा अण्णांचा नियम. आणि परत येताना डोंगरात रेंज नाही.

हंबरडा अर्ध्यातच थांबला. एवढी पांढरी माणसं दारात बघून अण्णांचा चेहरा उतरला. पेढ्यांचा पुडा हातातून सुटला. ते धावत माझ्याकडे आले, माझे खांदे धरले, डोळ्यांत पाणी.

"सर! कोन गेलं हो?"

सगळा जमाव माझ्याकडे बघत होता.

"सांगा ना सर! कोन गेलं?"

"अण्णा," मी म्हणालो, "तुमी."

कुणी हसलं नाही. विलासरावांनी मोबाइल काढला आणि ग्रुप खालून वर सरकवत नेला. निधन, झटका, शंभर श्रद्धांजल्या, आणि सगळ्यांच्या वर फुलांच्या चौकटीत हात जोडलेले अण्णा. मी पहिल्यांदा ते चित्र दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिलं. जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं.

"खाली शुभेच्छा लिहिल्यात," मी पुटपुटलो. "शुद्ध इंग्रजीत."

"वाचतंय कोन?" विलासराव म्हणाले. "आन् मपला बॅनर कापला कावून?"

मी खरं ते सांगितलं. इंग्रजी चुकलं होतं म्हणून.

अण्णा ओट्यावर बसले. मग शांतपणे म्हणाले, "सर, विलासनं चुकीचं लिवलं, तर लोकायनी मला शंभर वर्सं जगा म्हनलं. तुमी बरुबर लिवलं आन् मला वर धाडलं."

यावर मी काय दुरुस्ती करणार? हात जोडले. म्हटलं, "अण्णा, मला काय बोलायचं ते बोला. पोरीला यात धरू नका."

"पोरीचं काय हाय त्यात? लई गुनाची पोर हाय. सुपारी रविवारीच," अण्णा म्हणाले. "पर एक अट. लग्नाची पत्रिका विलास छापील. तुमी एका अक्षराला हात लावायचा न्हाई. कबूल?"

"कबूल!" मी म्हणायच्या आधी बायकोच म्हणाली.

सुपारी झाली. मागच्या महिन्यात पत्रिका आली. मुलाच्या ऑफिसातल्या लोकांनाही चालावी म्हणून सगळीच इंग्रजीत. रेणुका माझ्या तोंडाकडे बघत उभी. मी वाचली. चुका मोजल्या नाहीत, शपथ. पण वधूपिता म्हणून माझं नाव जिथं होतं, तिथं नावाच्या आधी छापलं होतं, 'लेट', म्हणजे कैलासवासी. चुकून पडलं की विलासरावांनी उट्टं काढलं, देव जाणे.

"आप्पा, कशी झाली?" रेणुकानं श्वास रोखून विचारलं.

"झकास!" मी म्हणालो. "काढायलासुद्धा चूक नाही."

आणि मीच ती दारोदार वाटतोय. काल पाटोद्याला अक्काच्या हातात दिली. भाच्यानं मोठ्यानं वाचून अर्थ सांगितला. अक्का पत्रिकेकडं बघते, माझ्याकडं बघते.

"आरं, हे काय? सांग की त्यायला, तू जित्ता हायस म्हनून!"

"गप बस अक्का," मी म्हणालो, "पोरीच्या डोक्यावर अक्षता पडंस्तोवर मी मेलेलाच बरा."