चालणारा माणूस काचेवर राहत नाही

आमच्या घराण्यात हातात टाक धरणारा पहिला मीच. आबांची सही म्हणजे अंगठा, आणि आजोबांवर तर अंगठा लावायचीही वेळ आली नसावी. महाराजांच्या राज्यात आमच्यासारख्यांना बोर्डिंगात जागा मिळाली, म्हणून मी कॉलेजपर्यंत पोचलो. तरी चार माणसांनी वाचावं असं काही लिहायला हात धजत नाही. लिहिण्यात चूक दिसली तर ती माझी समजावी, माझ्या गुरुजींची नव्हे. शिवाय हे मी रागात लिहितो आहे. रागात लिहू नये हेही मला शिकवलेलं आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

निमित्त साधंच आहे. आमच्या वर्गातल्या एका इनामदाराच्या मुलाकडे हातात मावणारा कॅमेरा आला आहे. मी सुट्ट्यांमध्ये एका फोटोवाल्याची तिपाई वाहत असे, हे त्याला ठाऊक आहे. तो मला विचारतो, रस्त्यावरचे फोटो घ्यायला कोल्हापुरात चांगल्या जागा कोणत्या? त्याच्या विचारण्यात वावगं काही नाही. पण मी सांगायला लागलो की माझा आवाज चढतो आणि तो बिचारा गोंधळून जातो.

सकाळी रंकाळ्याचा काठ चांगला. धुणं धुणाऱ्या बायका पाण्यात उभ्या असतात आणि ऊन पाण्यावरून उसळून त्यांच्या तोंडावर येतं. पंचगंगेच्या घाटावर मात्र ऊन कलल्यावर जावं, तेव्हा दगडी पायऱ्यांच्या कडा उठून दिसतात. पापाच्या तिकटीला चपलांच्या दुकानापुढे घासाघीस चाललेली असते, तिथे माणसांचे हात बघावेत. आणि गंगावेस. तिथे म्हशी रस्त्यातच उभ्या असतात, गवळी गिऱ्हाइकासमोर धार काढतो आणि तालमीतून आलेले पैलवान तो फेसाळ तांब्या तसाच तोंडाला लावतात. ही माझी सगळ्यांत लाडकी जागा.

राग इथूनच सुरू झाला.

आमचे फोटोवाले मालक एका बड्या गृहस्थासाठी शहराच्या देखाव्यांचा आल्बम करत होते. त्यांच्या कॅमेऱ्यात मसाला लावलेल्या काचा घालाव्या लागत; चित्र आधी काचेवर उमटे, मग तिच्यावरून कागदावर छापलं जाई. इमारतीची रेघ न् रेघ उमटली पाहिजे असा त्यांचा हट्ट, म्हणून भिंगाचं तोंड बारीक करून टोपण बराच वेळ काढून ठेवत. गंगावेशीचा फोटो छापून आला तेव्हा मी तो हातात घेतला. पैलवान होते. गवळी होता. म्हैससुद्धा होती, तिचं शेपूट तेवढं नव्हतं. पण त्या वेळी मागून गवताचे भारे घेऊन बायका चालल्या होत्या, मी डोळ्यांनी बघितल्या होत्या. त्यांच्या जागी धुरासारखा एक पट्टा.

"चालणारा माणूस काचेवर राहत नाही," मालक म्हणाले. "बरंच आहे की. गर्दी आपोआप कमी होते."

माझे आबा गुळाच्या पेठेत हमाल. गाडीवरून अडत्याच्या पेढीत आणि पेढीतून गाडीवर, दिवसभर चालणं हाच त्यांचा धंदा. म्हणजे या शहराचे कितीही फोटो निघाले तरी जो गादीवर बसला, पायरीवर टेकला, तो दिसणार, आणि माझा बाप धूर होणार. पण मालकांपुढे मी मान डोलावली. आमच्या तोंडात "व्हय जी" लवकर येतं.

पुढे त्यांना गुळाच्या पेठेचा फोटो हवा झाला, तेव्हा जागा मीच सुचवली. एका मोठ्या अडत्याच्या पेढीसमोर रस्ता रुंद होतो आणि ऊन समोरून पडतं. हे खरंच होतं. आबा तिथूनच जातात हेही खरं होतं. पोत्याची कुंची डोक्यावरून पाठीवर सोडून, त्यावर गुळाचे रवे, त्या जड ढेपा, घेऊन ते आले, तशी मी त्यांना अडवलं.

"आबा, इथंच उभं राहा. टोपण लावंपर्यंत हलायचं न्हाय."

"लेका, वझं पाठीवर हाय. चालताना काय वाटत न्हाय, थांबलं की बसतंय ते."

"थोडा वेळच."

मागचा हमाल ओरडला, "थांब की रं म्हाताऱ्या! पोरगं कालेजात जाऊन तुला राजा कराय लागलंय!"

"राजाच्या पाठीवर गुळाचं रवं असत्यात व्हय?" आबा म्हणाले, आणि उभे राहिले.

मालकांनी टोपण काढलं. गुळाच्या वासाने आलेली एक माशी आबांच्या नाकावर बसली, ओठावर आली, परत नाकावर गेली. त्यांच्या पोटऱ्या थरथरताहेत असं मला वाटलं, पण ते हलले नाहीत. टोपण लागल्यावर त्यांनी पहिल्यांदा डोळे मिटले. "माशी बी उडीवली न्हाय," ते म्हणाले. "आलो का रं मी?"

गादीवरून शेठ गरजले, "ओ फोटोवाले! पेढीचा फोटो म्हणून सांगितला हुता. म्होरं हमाल कशाला पाहिजे?"

"बघतो मी त्याचं," मालक म्हणाले.

आल्बम पुरा झाला आणि कौतुकाने आमच्या कॉलेजच्या दिवाणखान्यात मांडून ठेवला गेला. गुळाच्या पेठेचं पान आलं. शेठ होते, तक्क्या होता, टांगलेला तराजू होता. आबांच्या जागी धूरही नव्हता. तिथे भिंत होती, गुळगुळीत. आमचे एक प्राध्यापक पोरांना म्हणाले, "पाहा, आपला बाजार किती नीटनेटका आहे!" मुलं माना हलवत होती. तिथे माझा बाप उभा होता, असं मला ओरडायचं होतं.

मी तडक स्टुडिओत गेलो. फोटोंवर रंग भरणारे चाचा तिथे बसले होते. मला बघून त्यांनी मान खाली घातली. मालक मात्र हसले.

"अरे, रंग कागदावर लावलाय. काचेवर तुझा बाप आहे तसाच आहे. एक प्रत देईन तुला काढून."

"कधी?"

"उरलेल्या प्रती होऊ देत."

त्या झाल्या. मग पावसाळा आला. छाप उन्हात काढतात; मालक म्हणाले, ऊनच नाही, छापू कशावर? मग दसरा. दर खेपेला मी उंबऱ्याबाहेर उभा, आणि आत कुणा घरंदाज माणसाच्या मुंजीचा फोटो चाललेला. तिथे सगळे बसलेले असत, नीट, एका ओळीत. मला त्या बसलेल्या माणसांचासुद्धा राग यायचा.

आबांना मी सांगून टाकलं की तुम्हाला रंग लावून पुसलं.

"माझं जाऊ दे. पाठीवरचं रवं बी पुसलं का?"

"व्हय."

"मग शेटचं नुकसान झालं की!"

हे त्यांनी सगळ्या हमालांना सांगितलं आणि पेठ दिवसभर हसली. मला हसू आलं नाही. मी निघालो तेव्हा ते हळूच म्हणाले, "पर काचंवर हाय म्हणतोस न्हवं? मग आण की येकदा. तुझ्या आईला बघायचा हाय."

त्या साली घरोघर ताप आला. आबा तिसऱ्या दिवशी गेले. त्यांचं दुसरं चित्र कुठेच नाही, कुणी काढणार तरी कशाला? आई मला विचारायची, "ती काच आणलीस का?" मी स्टुडिओवर गेलो तर तिथे कापडाचं दुकान. मालक बेळगावकडे गेले, एवढंच कळलं. त्या कापडवाल्याशी मी भांडलो. त्याचा काय दोष? पण भांडलो. मग भेटेल त्याला विचारत राहिलो, त्या काचा कुणी नेल्या. वर्ष गेलं.

गेल्या आठवड्यात पापाच्या तिकटीला चाचा दिसले. ते आता एका तसबीरवाल्याकडे कामाला आहेत. मी काही विचारायच्या आत त्यांनी माझा हात धरून मला बाजूला नेलं.

"फोटोवाल्या मालकांनी जाताना काचा इकल्या, त्या आमच्याच दुकानात आल्या बाबा, सगळ्या. कढत पाण्यात सोडा घालून, वरचं चित्र पार उतरंपर्यंत धुतल्या, तसबिरींना बसवायला. गुळपेठेची मी कागदात गुंडाळून फळीवर ठेवलीवती. म्हटलं, तू येशील. इथल्या मालकाला घावली. म्हणला, येवढी मोठी, येक बी चरा नसल्याली काच कशाला अडवून ठेवलीस? माझ्या हातानंच धुतली रे. दत्ताच्या तसबिरीला बसली. वाडीच्या एका गिऱ्हाइकानं नेली."